दोऱ्याचा चहा

आमच्या घरात टी-बॅग म्हणत नाहीत,
दोऱ्याचा चहा म्हणतात.

तारीख उलटायला महिना राहिला
की क्लेमेंसिया स्टोअरचं कपाट उघडते,
‘व्हर गो’ म्हणते आणि दुसरीकडे बघते.
मी जेवणाच्या रिकाम्या डब्यात चाळीस पुड्या भरते.
कळंगुट ते म्हापसा उभ्याने,
म्हापसा ते डिचोली बसून, डबा मांडीवर,
पर्समधल्या पगारापेक्षा सांभाळून.

गुरुदास कात्री घेऊन बसतो.
वर्तमानपत्र पसरतो, चष्मा लावतो,
बांगड्याचं पोट फाडावं तशी एकेक पुडी फाडतो
आणि आतली भुकटी बरणीत झटकतो.
‘एवढीशी,’ दर वेळी म्हणतो,
‘हिला कपडे कशाला?’
दोरे वेगळे. पिना वेगळ्या.
दोऱ्यांत मी अबोली ओवते,
चिठ्ठ्यांच्या नोटा करून धाकटी दुकान मांडते,
पिना मात्र त्याच्याच अंगठ्यात जातात.

मग तो चहा करतो.
पाणी, साखर, ठेचलेलं आलं,
आणि उकळीला कान.
टिप्पर चालवायचा तेव्हा इंजिनाला असाच कान द्यायचा.
खाण बंद झाली, टिप्पर ताडपत्रीखाली गंजला,
कान तेवढा राहिला.
दूध वर आलं की आच खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली,
आमोण्याच्या जेटीच्या उतारावर
भरल्या गाडीचा गिअर बदलायचा तसा.
तोवर पोदेराचा भोंगा. काकणं येतात.
काकण बुडवायचं, चार मोजायचे, काढायचं.
पाच मोजले तर ते तळाशी.

मी दिवसभर परक्यांचे कप विसळते.
कप बघून माणूस कळतो.
एकशे चारमधली बाई पुडी चमच्याला गुंडाळून पिळते,
दोरा तुटेपर्यंत.
दोनशे सातमधलं जोडपं एका पुडीत दोन कप करायचं,
पहिला कप त्याचा की तिचा,
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
एक म्हातारा स्वतःचा पत्र्याचा डबा घेऊन आला होता,
मनगटावरच्या घड्याळात बघून तीन मिनिटं,
एक सेकंद जास्त नाही.
जाताना डबा माझ्यासाठी ठेवून गेला.
आत अख्खी पानं, वाळलेली, हिरवट काळी.
गुरुदासने हुंगली, ‘पालेभाजी,’ म्हणाला,
आणि दहा मिनिटं उकळली. दूध घातलं.
आम्ही प्यालो. कुणी काही बोललं नाही.
उरलेली मोगऱ्याला घातली.
मोगराही त्या वर्षी बेतानेच फुलला.

परवा मला ताप आला.
तीन दिवस रजा, म्हणजे तीन दिवस बिनपगारी.
सकाळी तो खोलीत आला, ट्रे नाही म्हणून ताट घेऊन.
ताटात लग्नातली कपबशी,
कपाबाहेर लोंबणारा दोरा,
चमचा उजव्या हाताला,
आणि टॉवेल. हॉटेलात शिकून मी एकदा घरी
हंस करून दाखवला होता, तो करायला गेला होता.
झालं होतं बदक.
‘गुड मॉर्निंग, मॅडम.’
तोंड अगदी गंभीर.

एक पुडी त्याने कापली नव्हती.
कधीपासून बाजूला ठेवली होती, विचारलं नाही.

मी घोट घेतला. गरम पाणी आणि कागद.
तापाने जीभ गेली असेल, म्हटलं.
अकरा वर्षं मी या पुड्या लोकांच्या उशाशी ठेवते,
अशी, दोऱ्यानिशी,
त्या दिवशी पहिल्यांदा प्याले.
‘कसा?’
‘मस्त.’

तो आत गेला. आलं ठेचल्याचा आवाज आला,
सांडशीचा, बरणीच्या झाकणाचा,
मग उकळी.
मी भिंत धरत उठले
आणि उरलेला अर्धा कप, दोऱ्यासकट,
त्याच्या पातेल्यात ओतला.

त्याने बघितलं.
गॅस थोडा वाढवला.